वळवून ठेवलेल्या सपाता

मोरिओका,
२ नोव्हेंबर १९८७

चि. सुमियोस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही परवा सुखरूप पोचलो. आईच्या सत्याहत्तरीचं निमित्त झालं आणि तुझ्या त्या गरम झऱ्याच्या सराईमध्ये दोन दिवस राजासारखे गेले. तुझ्या वहिनीने दारातच विचारलं की जेवणात किती पदार्थ होते. मी मोजून अकरा सांगितले, तर तिने मला नुसता भात आणि मुळ्याचं लोणचं वाढलं. सेविकेच्या किमोनोत, कमरेला पट्टा आवळून तू दारात वाकलीस तेव्हा क्षणभर मी तुला ओळखलंच नाही, उलट तुझ्याहून खाली वाकलो. माझ्या ताटातलं पळवून खाणारी ती हीच का, असं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या सकाळच्या प्रकारानंतर आई गप्प झाली आहे. पहाटे चारला दोन्ही कुंडांच्या पडद्यांची, बायकांच्या तांबड्याची आणि पुरुषांच्या निळ्याची, अदलाबदल होते, संध्याकाळचं बायकांचं कुंड सकाळी पुरुषांचं होतं, हे तू तिला आल्या आल्या समजावलं होतंस. तरी ती कालच्याच कुंडात गेली आणि ते तीन निवृत्त मास्तर आत शिरले. नंतर जिन्याखाली गुडघे टेकून तिने त्यांची माफी मागितली, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मालकीणबाईंनी तुला विचारलं, आणि तू शांतपणे सांगितलंस की पडदे चारलाच बदलले होते, दारावर निळाच होता, पाहुण्यांचं वय झालंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईची लाज वाटली, आणि तशी वाटली म्हणून माझी स्वतःचीही.

गेल्या महिन्यात ती बसमध्ये छत्री विसरली. छत्री मीही विसरतो, पण मी त्या घरात चुलीपाशी एकटा राहत नाही. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होते आहे, महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. आईला भीत भीत विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली. परसातल्या मुळ्यांपायी दोन दिवस माझ्याकडे राहायला न येणारी बाई घर सोडायला एका शब्दात तयार होते, हे मला टोचतं आहे. तुझं मत कळव.

लोभ आहेच. तो वाढवायचा तर आता अकरा पदार्थ लागतील.

तुझा दादा,
तेरुहिको


युनोसावा,
७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इथे डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागलं. शरदातली रंगलेली पानं बघायला येणारी गर्दी ओसरली, आता गुडघेदुखीवाले येतील. आमच्या मुख्य सेविकाबाई नव्या वर्षी निवृत्त होत आहेत. ती जागा मला मिळेल असं मालकीणबाईंनी दोनदा सुचवलं. आपल्या कारकिर्दीत चाळीस वर्षांत पडद्याची चूक झालेली नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात.

त्या प्रकाराचं मनाला लावून घेऊ नकोस. वयानं होतं असं. दादा म्हणतो तसं कर, आश्रमात तुला सोबत तरी मिळेल. वाफेवरचे पुरणाचे गोळे पाठवते आहे, एकदम खाऊ नकोस.

काम फार आहे, म्हणून थोडक्यात आवरते. माया ठेव.

तुझी,
सुमियो


१३ नोव्हेंबर

चि. सुमियोस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पुरणाचे गोळे पोचले. दोन मी खाल्ले, बाकीचे शेजारच्या ओरिएबाईंना दिले. तिला वाटलं मी जायच्या आधी वाटप सुरू केलंय. गोळे घेतले ते घेतले, वर माझं खोरंही मागून नेलं. म्हणाली, आश्रमात खणणार काय तू, जमीन तर सिमेंटची.

अर्जावर मी सही केली. दादाने आग्रह केला नाही हो, उगाच त्याला बोलू नकोस. खरं सांगू? अजूनही डोळे मिटले की मला पडदा तांबडाच दिसतो. कालचंच कुंड आज कसं, असं मनात आलं होतं. पण पडदा तांबडा, म्हटलं आपल्याच ऐकण्यात चूक झाली, आणि हाताने बाजूला सारून आत गेले. बाहेर आले तेव्हा मात्र निळा होता. तू सगळ्यांदेखत सांगितलंस की निळाच होता, आणि माझी लेक खोटं बोलणार नाही. म्हणजे माझं डोकंच खोटं बोलतं आहे. अशा बाईने विस्तवापाशी एकटीने राहू नये. हल्ली रोज सकाळी शिवणाच्या टोपलीतल्या चिंध्या काढून एकेकीचा रंग म्हणत बसते. सगळे बरोबर येतात असं वाटतं. पण बरोबर आले हे मला कोण सांगणार?

एक निरोप आहे. आत जाताना गुडघ्यामुळे मला वाकवलं नाही, सपाता आडव्यातिडव्या सोडून गेले. नंतर बाहेर पळाले तेव्हा पाहते तो त्या कुणीतरी तोंडं दाराबाहेर करून जोडून ठेवलेल्या. त्या लाजेच्या घाईत पाय चाचपडावे लागले नाहीत. ज्या मुलीने हे केलं तिला माझे आभार सांग. तिच्या आईने तिला चांगलं वळण लावलंय म्हणावं.

थंडीत अंगावर घेत जा. आई तुला विसरणार नाही, बाकी काहीही विसरली तरी.

तुझी,
आई


१६ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. तिचा निरोप ज्या मुलीसाठी होता, तिला पोचला. तिचं नाव सुमियो.

आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात त्या आनंदात माझे दोन पेले जास्त झाले. पडदे बदलायला चारला उठायची ती साडेपाचला उठले. धावत खाली आले आणि पडदे बदलून टाकले. बदलण्याआधी तीनदा हाक मारायची, आत जाऊन कपड्यांच्या टोपल्या बघायच्या, असा नियम आहे. मालकीणबाईंची खोली शेजारीच. हाक मारली असती तर पडदे अजून तसेच आहेत हे त्यांना कळलं असतं, म्हणून मी हाक मारली नाही. दारात सपातांचा एक जोड होता. सवयीने हातांनी तो वळवून ठेवला, आणि आत कोण आहे हे डोक्यात आलंसुद्धा नाही. आई आत गेली तेव्हा पडदा तांबडाच होता. तिला बरोबर आठवतं आहे.

मालकीणबाईंनी मला विचारलं तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला सगळं कळलंय आणि ती मला सांभाळून घेते आहे. आज कळतं की ती माझ्या तोंडून खरं काय ते ऐकायला थांबली होती. मी जागेच्या मोहाने निळा म्हणाले. वर आठवड्याने पुन्हा लिहिलं की वयानं होतं असं. दादा, तू आईची लाज वाटली म्हणालास. मला आरशात बघवत नाही.

अर्ज परत घे, लगेच. मालकीणबाईंना मी सांगेन. लोभ असावा, असं लिहायला या खेपेला हात धजत नाही.

सुमियो


२१ नोव्हेंबर

सुमियोस,

आशीर्वाद शेवटी बघू.

अर्ध्यातच दादाने कागद माझ्या हातात दिला, उरलेलं मीच चष्मा लावून वाचलं. दुसऱ्या दिवशी तो आश्रमातून अर्ज परत घेऊन आला, आणि मी ओरिएबाईंकडून खोरं घेऊन आले. तिने बिचारीने धारसुद्धा लावून ठेवली होती.

मला राग आलाय. त्या मास्तरांसमोर उघडी उभी राहिले त्याचा नाही. म्हातारीचं अंग ते, आणि त्यांनीच आधी पाठी फिरवल्या. तू नुसती डोळ्याने खूण केली असतीस तर तुझ्या नोकरीसाठी मीच खोटं बोलले असते. पण मग ते खोटं आहे हे मला ठाऊक असतं. तू मला तेवढंही ठेवलं नाहीस. तीन आठवडे मी चिंध्यांना रंग विचारत बसले.

आणि मालकीणबाईंना सांगेन, असं लिहिलंयस. सांगितलं, असं नाही. मी त्या तिघांपुढे गुडघे टेकले ती माफी माझी नव्हती. जिची होती तिने मागावी.

आशीर्वाद राखून ठेवलाय. झालं की कळव.

आई


१ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

झालं. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जड गेलं. चहाचा पेला खाली ठेवून म्हणाल्या, की पाहुण्याला खोटं पाडलंस, आणि पाहुणा कोण, तर आई. मुख्य सेविकेची जागा दुसरीला दिली. मला ठेवलंय, आणि पडद्यांचं काम माझ्याकडेच ठेवलंय. म्हणाल्या, जिथे चुकलीस तिथेच रोज उभी राहा. तिन्ही मास्तरांच्या घरी जाऊन मी गुडघे टेकून आले. दोघांनी चहा दिला. तिसऱ्यांनी एवढंच विचारलं, की त्या बाईंचे गुडघे कसे आहेत. मला सांगता आलं नाही, कारण मी तुला कधी विचारलंच नव्हतं. कसे आहेत?

आता पडदे बदलण्याआधी तीनदा हाक मारते. कोणी आहे का आत, असं विचारायचा नियम आहे. माझ्या तोंडून मात्र आई, आहेस का आत, असंच निघतं. बाकीच्या मुली हसतात. परवा पहाटे एका अनोळखी म्हातारीने आतून ओ दिली, की आहे गं, जरा वेळ लागेल. मी तिच्या सपाता वळवून ठेवल्या आणि ती बाहेर येईपर्यंत तांबड्या पडद्यापाशी हात बांधून उभी राहिले. वीस मिनिटं लागली तिला.

आशीर्वाद तुझ्याकडेच असू दे. द्यावासा वाटेल तेव्हा दे, मी दारातच आहे.

तुझी,
सुमियो