लिहिण्याचं दार

प्रिय ठिणगी,

पहिल्याच दिवशी माझ्याशी वाद घातलास म्हणून ठेवलेलं हे नाव. तुझं टेबल अजून रिकामंच आहे. कान तुटलेल्या कपात तू लावलेलं रोप मी कसंबसं जगवतोय.

मी रेडिओ दुरुस्त करता करता कोड लिहायला शिकलेला माणूस; पुस्तकी शहाणपणाशी माझं कधी जमलं नाही. सलाइनमधून औषध सोडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहिताना दोन दिवस आपली जुंपली होती, आठवतं? डोसच्या आकड्याला दोन दारं, एक वाचायचं, एक लिहायचं. तू म्हणायचीस, वाचू दे कोणालाही. पण आकडा बदलायचं दार बंद ठेवा, तपासणी करणाऱ्या भागाशिवाय कोणाचा हात तिथे पोचता कामा नये. मी म्हटलं, अगं, घरातल्या घरात कुलपं कशाला? सगळी आपलीच माणसं. तू फाडकन म्हणालीस, चोर बाहेरून येतो काका, चूक घरातूनच होते. सगळे हसले. मला झोंबलं. वडीलकी गाजवून मी तू लेखी नोंदवलेल्या हरकतीखाली ‘विषय संपला’ असं लिहिलं आणि दोन्ही दारं सताड उघडी ठेवली.

आठ महिन्यांनी पडद्यावरचे आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून तुला घाईचं काम दिलं, तेही मीच. तू अर्ध्याचा एक केलास, फक्त दाखवण्यापुरता. पण दमल्या हाताने तो डोसमध्येच परत लिहिला गेला. दार बंद असतं तर कोड तिथल्या तिथे अडला असता, तू स्वतःला चार शिव्या घालून चहाला गेली असतीस. यंत्राने एका पेशंटला सहा तास दुप्पट औषध सोडलं. कपडे शिवून लेकीला शिकवणारी ती बाई उठलीच नाही.

चौकशीत एवढंच विचारलं, कोडमधली शेवटची ओळ कोणाची? तू ‘माझी’ म्हणालीस, आपल्या वादाचा उल्लेखही न करता. मला वाचवलंस, की स्वतःला शिक्षा केलीस, देव जाणे. मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्याच दिवशी वादाचं ते पान सगळ्यांच्या नजरेआड करून माझ्यापाशी ठेवलं. पुसायचा धीर झाला नाही, दाखवायचाही नाही.

काल तुझ्या आईचा फोन आला. तू जेवत नाहीस, ‘मी त्या बाईला मारलं’ एवढंच म्हणतेस. आज सकाळी ते पान आणि माझं सहीचं निवेदन चौकशी समितीला देऊन आलो. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल. होऊ दे. तुझा वाटा शून्य आहे असं खोटं सांगून तुला फसवणार नाही, पोरी. पण दार मी उघडं ठेवलं आणि लपवलंही मीच. निवेदन आता कोणीही वाचू शकतं. त्यातलं अक्षरही बदलणं माझ्या हातात नाही. दोन घास खा.

म्हणवून घ्यायची लायकी उरली असेल तर,
तुझाच,
काका