दिलेली पोर

३ मार्च १९५९
कन्यादान नाही! धर्मपाल गुरुजींनी आज साफ सांगितलं. धाकट्या सत्यशीलाचं लग्न बौद्ध पद्धतीने लागणार — दोघं त्रिशरण म्हणतील, एकमेकांना वचन देतील, झालं. मग बापाने काय करायचं? म्हणाले, "बसून पाहायचं. पोरगी काय शेळी आहे, देऊन टाकायले?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर जेवणाचं ताट तसंच सारलं.

४ मार्च
रुखमा विचारते, काय झालं. काही नाही म्हटलं. बायको आहे, तिला माहीत आहे.
मोठीचं, कौसल्याचं, दान मीच केलं. सोळा वर्षं झाली. जावयाच्या हातावर पाणी सोडलं. चार वर्षांनी ती पळून आली — पाठीवर वळ, कडेवर वर्षाची पोर. मी म्हटलं, दिलेलं दान बाप परत घेत नसतो. दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसवून सासरी फुलसावंगीला पोचवून आलो. स्वतः! वाटेत आर्णीला तिने पाणी मागितलं. म्हटलं, आता घरी जाऊनच पी.
घरी म्हणालो मी.
तेव्हापासून ती इथे आली नाही.

७ मार्च
कन्यादान हा शब्द सगळ्या मुलखांत तोच आणि अर्थही तोच असेल, तर माझ्या एकट्याचा काय दोष? मी चौथी शिकलेला माणूस. मी कामाला आहे त्या कापसाच्या जिनिंगमध्ये तेलुगू फिटर आहे, व्यंकय्या. त्याला विचारलं. त्यांच्यातही कन्यादानमच. परत घेतात? "पानी छोड़ा तो छोड़ा." बरं वाटलं. मुनीम बाबुलालच्या मारवाडातही तेच. शिवाय म्हणतो, "बुड्ढे, शादी तेरी है या बेटी की?"

८ मार्च
बरं वाटलेलं टिकलं नाही.

११ मार्च
बंजाऱ्यांच्या तांड्यावरची लालीबाई कापसाची गाडी घेऊन आली होती. तिलाही विचारलं. शब्द त्यांनाही ठाऊक. पण त्यांच्यात पोरगी निघताना बैलावर उभी राहून रडत गाते, बापालाही सुनावते. "तुही पोर काय बोलली रे बुढ्या?"
मी कुठे विचारलं?

१२ मार्च
व्यंकय्या आपणहून सांगायला आला. त्याची बहीण अशीच परत आली होती. वडिलांनी ठेवून घेतली. मी चिडलोच — मग दानाचं काय? म्हणाला, "दान अपनी जगह. बेटी अपनी जगह."
म्हणजे घेता येत होतं.

१५ मार्च
कौसल्याला पत्रिका टाकली. खाली लिहिलं — ये.

२९ मार्च
लग्न लागलं. सत्यशीलाने वचन मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू गेलं.
कौसल्या आली! पोरीला घेऊन. मांडवाबाहेरच उभी. अर्धे केस पांढरे झालेत. मी म्हटलं, आत चाल बाई, तुझंच घर आहे.
"नाही बाबा. मले तर तुम्ही देऊन टाकलं."
रागाने नाही. कोणी गाव विचारलं की आपण गाव सांगतो, तसं.
रुखमा तिचा हात धरून तिच्याजवळ बाहेरच बसली.

३० मार्च
कौसल्या सकाळच्या मोटारीने परत गेली. पोरीला इथे ठेवून. तेरा वर्षांची आहे, तिकडे तिचं लग्न ठरवत होते.
मोटारीत चढताना म्हणाली, "हिले कोणाले देऊ नका, बाबा."