एकदा जास्त धुतलेलं सोनं

आई, आज रोह्याच्या कंपनीतून पेणला परतताना तुझी आठवण आली, ती काही माया दाटून नव्हे. तुझ्यासारखी वागले म्हणून आली.

मी काय करते ते तुला कधी कळलं नाही. "सोन्याचं काम करते," असं तू बायकांना सांगायचीस आणि त्या माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघायच्या. सोनंच असतं, पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण, आणि प्रत्येक कणाला तेलकट रेणूंचं अस्तर. या कणांच्या द्रावणाचा थेंब झाकणाखाली सावकाश सुकू दिला की ते आपसूक रांगेत बसतात, थरावर थर, सारख्या अंतरावर. कोणाला ओरडावं लागत नाही. अंतर राखतं ते अस्तर. आपल्या घराला तसलं काही लावलेलं नव्हतं. अस्तराचं जादा रसायन द्रावणात उरलं तर रांगा बिघडतात, म्हणून कण धुवायचे, पण बेतानं. परवा मी एकदा जास्त धुतले. हात तुझेच ना. अस्तर सुटलं, कण एकमेकांना चिकटले, आणि लालबुंद द्रावणाचा काळा गाळ झाला.

तू राखेनं आणि काथ्यानं पितळेच्या पातेल्याची कल्हई घासघासून घालवली होतीस. त्याच पातेल्यात आमसुलाचं सार केलंस. आंबट उघड्या पितळेला लागलं आणि सगळं घर ओकलं. आमसुलं शेजारच्या काकूनं माहेरून आणून दिलेली. ती विचारपूस करायला येते, तू दारातच उभी.

"कुजकी दिलीस गो."

"नाय गो, माझी पोरं तीच खातात."

तू दार लोटलंस. ती पुन्हा आली नाही. तुझी तिरडी उचलली तेव्हाही नाही.

काल साहेबांनी विचारलं, माल बिघडला कसा. मी म्हणाले, अस्तराचं रसायन नीट बनलं नसेल. ते बनवणारा माणूस जिते गावाहून येतो, दोन मुलींचा बाप, कंत्राटी. "मॅडम, माझं बरोबर हाय. धुताना काय..." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे बघितलं. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. साहेबांना आत्ता फोन केला तर ते थांबेल. मी तुला लिहीत बसलेय, म्हणजे जिथं काही पोचणार नाही तिथं.

काकूवर दार लोटलंस त्या रात्री तू गाढ झोपलीस, याचा राग मी आजवर धरला. काल मलाही छान झोप लागली.