तुमच्या गुरुजींचं नाव

लाओशी, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. क्लासमध्ये आम्ही सगळे तुम्हाला लाओशीच म्हणायचो, म्हणजे तुमच्याकडचं 'सर'. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा इतकं वाकडं आलं की तुम्ही विचारलंत, "सर्दी झाली का?" हे पत्र मी मराठीत लिहितेय. तुम्हाला त्यातलं अक्षरही कळलं नसतं. पण इंग्रजीत आपण दोघंही अर्धंमुर्धंच बोलायचो, आणि आज मला अर्धंमुर्धं बोलायचं नाही.

लंडनजवळच्या हॅरोमधला कौन्सिलचा तो चिनी चित्रकलेचा क्लास, बुधवारी सकाळी. दोन-तीन इंग्लिश आज्या, पिनरच्या एक गुजराती बेन आणि मी. पुण्याच्या शाळेत चित्रकला शिकवून आलेली मी, आणि तुम्ही मला काय दिलंत, तर काळ्या दगडाची वाटी आणि शाईची कांडी. पाणी घाला आणि उगाळा. सहाणेवर गंध उगाळतात तसं गोल गोल, तेही न बोलता. पहिल्या दिवशी मला असा राग आला होता! हा माणूस फुकटचा वेळ काढतोय, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा. मग ब्रश धरायला शिकवलंत. मूठ वळायची नाही, तळव्यात अंडं मावेल एवढी पोकळी हवी. मी धसमुसळी, त्यामुळे माझ्या मागून जाताना तुम्ही हळूच म्हणायचात, "अंडं फुटलं." आजही भाजी चिरताना सुरी घट्ट धरली की मला ते ऐकू येतं.

एकदाच तुम्ही माझ्यावर खरोखर चिडलात. मी बांबू काढला होता, बऱ्यापैकी जमलाही होता. चिनी चित्रांच्या कडेला अक्षरं असतात हे मी पाहिलेलं, म्हणून दुकानातल्या कॅलेंडरवरची चार अक्षरं बघून बघून कोपऱ्यात काढली. तुम्ही माझ्या हातातून ब्रश काढून घेतलात. "इथे लिहायचं नाही. माझ्या वर्गात कोणी लिहायचं नाही." मला शाळेतल्या पोरीसारखं वाटलं, आणि त्यानंतर लक्षात आलं की तुमच्या स्वतःच्या चित्रांनाही अक्षरं नसतात. दगड, ऑर्किडची पानं, आणि कडेला जिथे काहीतरी असायला हवं तिथे कोरा कागद. क्लास बघायला आलेल्या एका चिनी बाईंनी तेच विचारलं होतं, आणि तुम्ही खिडकी लावायला उठून गेला होतात.

क्लासनंतर मी तुम्हाला गाडीने सोडायचे. सिग्नलला थांबलो की तुम्ही एखादं वाक्य बोलायचात, त्यातून मला तुमचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. कलेच्या कॉलेजात होतात तेव्हा चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. नंतर खेड्यात पाठवलं, तिथे डुकरं राखली. मग हाँगकाँग, मग हा देश, आणि स्लाऊच्या एका टेकअवेमध्ये तेलाच्या कढईपुढे उभं राहून काढलेली वर्षं. हातावरचा तो लांब डाग तिथला. लग्न झालेलं नव्हतं. दुकानावरची एक खोली, तिच्यात पलंग ठेवल्यावर टेबलाला जागा नाही. हे सगळं तुम्ही बसचं टाइमटेबल सांगावं तसं सांगायचात. मी "किती भोगलंत हो" असं काहीतरी म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "लाइट ग्रीन झाला."

मग कॉलेजात तुम्हाला शिकवणाऱ्या गुरुजींची मुलगी चीनहून आली. तिचा मुलगा स्लाऊला एका कंपनीत लागला होता, त्याच्याकडे ती तीन-चार महिने राहायला आलेली. तिने तुम्हाला शोधून फोन केला. गुरुजींच्या कबरीवर कधी दगडच नव्हता, तो आता बसवायचं घरच्यांनी ठरवलं होतं, आणि त्यावरचं नाव शिष्याच्या अक्षरात असावं अशी तुमच्याकडची रीत. कागदावर लिहून द्या, तिकडे कारागीर कोरेल, एवढंच तिचं मागणं. तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा मी आनंदाने म्हटलं, "वा, केवढा मान!" त्यानंतर दोन-तीन क्लास तसेच गेले, आणि शेवटी एका बुधवारी तुम्ही विचारलंत, "तुमच्या घरी टेबल मोठं आहे?"

त्या रविवारी तुम्ही सकाळीच आलात. गुरुजींची मुलगी दुपारी कागद न्यायला येणार होती. मी किचनमधलं टेबल पुसून दिलं. माझे यजमान, आमचे डॉक्टर, दारातून डोकावले आणि मला मराठीत म्हणाले, "अगं, त्यांचे हात बघ, केवढे शेक होतायत. ब्रेकफास्ट दिलास का? शुगर लो असणार." यांना सगळ्या जगाची शुगर लो दिसते. तुम्ही पोहे खाल्लेत, शाई उगाळलीत, आणि कोऱ्या कागदासमोर इतका वेळ बसलात की मी वरणाला फोडणीसुद्धा दिली नाही, आवाज होईल म्हणून. मग तुम्ही उठून उभे राहिलात, कोपर हवेत, आणि एका दमात वरून खाली तीन अक्षरं लिहिलीत. लाओशी, मला त्यातलं एकही वाचता येत नाही. पण माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तुम्ही दगड आणि पानं काढत होतात, आणि हे तुमच्या हातात होतं!

आणि मग मी जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई करेल. नवी वस्तू असो, लग्नाची पत्रिका असो, शुभकार्याच्या कागदाला आम्ही हळदकुंकू लावतो. हे कबरीसाठी आहे हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं, डोक्यात होता तो फक्त मान. देवघरातला करंडा घेऊन आले, बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि कागदाच्या वरच्या टोकाला टेकवलं. तुमचा तो कागद टिपकागदासारखा पाणी पिणारा. कुंकू पसरलं आणि पहिल्या अक्षरात शिरलं. तुम्ही मागे सरकलात ते खुर्चीला अडखळलात. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, खरंच शुगर लो झाली.

तेव्हा तुम्ही सांगितलंत. क्रांतीच्या त्या दिवसांत भिंतींवर माणसांची नावं लागायची, मोठाल्या अक्षरांत, हा देशाचा शत्रू, ही त्याची पापं. कॉलेजात सर्वांत चांगलं अक्षर तुमचं, म्हणून ब्रश तुमच्या हातात दिला. गुरुजींचं नाव तुम्ही लिहिलंत. त्यावर लाल फुली मारणारा दुसरा होता. मी भडकले. भीती मला कळते, पण मी विचारलं, "निदान वाईट तरी लिहायचंत! वेडंवाकडं!" तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "हाताला येत नव्हतं. वळण त्यांचंच होतं." आणि ती यायच्या आत नवा कागद लिहायला तुम्ही बसलात, पण ब्रश काही टेकला नाही.

ती आली. पन्नाशीची, शाळेतल्या हेडबाईंसारखी ताठ. कुंकवाचा कागद टेबलावरच होता. तुम्ही उभ्या उभ्या तिच्याशी बोलायला लागलात, आणि भाषा येत नसूनही मला कळलं की तुम्ही तिला तेच सांगताय. तुमचं संपल्यावर ती बोलली, कोरा कागद स्वतः तुमच्यापुढे सरकवला आणि तुमच्या खांद्यामागे हाताची घडी घालून उभी राहिली. तुम्ही लिहिलंत. सकाळच्याइतकंच सुंदर. शाई वाळेपर्यंत ती थांबली, मग कागद गुंडाळला. मी म्हटलं, जेवून जा, सगळं तयार आहे. ती इंग्रजीत म्हणाली, "थँक यू. मी इथे जेवणार नाही." डॉक्टरांनी तिला स्टेशनला सोडायला गाडी काढली, तीही तिने नाकारली.

संध्याकाळी गाडीत मी विचारलं, काय म्हणाली? त्या दिवशी लाइट ग्रीन झाला तरी तुम्ही बोलत राहिलात. ती म्हणाली होती, "मला माहीत होतं, त्यासाठीच तुम्हाला शोधलं. आमच्या खिडकीतून ती भिंत दिसायची. मी लहान होते. बाबांनी ते अक्षर लांबूनच ओळखलं. आईला म्हणाले, बघ, माझं नाव त्यानं इतकं चांगलं आजवर कधी लिहिलं नव्हतं. त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. ज्या अक्षराने तेव्हा त्यांचं नाव भिंतीवर लावलं, त्याच अक्षराने ते आता दगडावर लागू दे, आणि लिहिताना तुम्हाला बघायला मी उभी राहणार आहे." माफीचं ती काही बोलली नाही. तुम्हीही मागितली नव्हती.

पुढच्या टर्मला क्लास बंद झाला. तुम्ही आजारी पडलात, डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीने बेड मिळवून दिला, मी डबा आणायचे, तुम्ही वरणभात चमच्याने खायचात. त्या दिवसाबद्दल आपण परत बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा क्रेमेटोरियममध्ये आम्ही चार माणसं होतो. दगड बसला का, हे कळवायला तिचा फोन कधी आला नाही. बरं-वाईट काय ते मला अजून ठरवता येत नाही. तुमच्यावर राग आहे, तुमची दयाही येते, आणि तुमची आठवण तर येतेच येते.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, ड्रॉवरमध्ये राहील. फक्त एक सांगते, हे मी आमच्या डॉक्टरांनाही बोललेले नाही. त्या भिंतीचा विचार माझ्या मनात वरचेवर येतो. तुमच्या गुरुजींचा यायला हवा, त्या खिडकीतल्या मुलीचा यायला हवा. पण माझ्या मनात आधी येतं ते हे, की तेही अक्षर इतकंच सुंदर असणार. आणि त्या गर्दीतून मी जात असते, तर कोणाचं नाव आहे हे विचारायच्या आधी थांबून बघत राहिले असते.