पायरीशी उभा राहणारा डीकन

सॅल्मन नदीच्या वरच्या अंगाला, आयडाहो
१९ मे

प्रिय थेल्माताई,

तू खुशाल असशील. पत्र तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करते. कागद होता, पेन होतं, वेळ तर ढीगभर होता. तू पाठवलेले बूट पावले. डावा चावतो, पण चालेल. युटातली नोकरी सोडली. तिथला आचारी असा होता की... असो, ते पुन्हा कधीतरी.

आता हुल्डाबाईंकडे कामाला आहे. सत्तरी ओलांडलेली विधवा, बेचाळीस मेंढ्या आणि राखणीला एक लामा. लोकर पांघरलेला उंटाचा धाकटा भाऊ समज. नाव डीकन. मान अशी ताठ, की चर्चमधल्या खऱ्या डीकनशेजारी पहिल्याच बाकावर बसवावा. कोल्हा-कुत्रा दिसला की लाथा घालून पिटाळतो. म्हणजे, पिटाळायचा.

पहिल्याच दिवशी बाईंनी मला बजावलं होतं, "त्याला लाडावून ठेवायचं नाही. जोडीला दुसरा लामा नाही म्हणून तो मेंढ्यांना धरून आहे. तुझा झाला की त्यांचा राहणार नाही."

माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी राहते ती चाकांवरच्या खोलीसारखी गाडी खालच्या कुंपणाला लागून, दिवसभर बोलायला कोणी नाही. एक सफरचंद दिलं. मग रोज एक. एप्रिल संपेपर्यंत तो उजाडताच वरचं कुरण सोडून माझ्या पायरीशी हजर. शेजारच्या एल्डनचा कुत्रा, टिप, तोही पावाच्या कडांसाठी यायचा. आधी डीकन त्याच्यावर धावून गेला. मी मध्ये पडले, दोघांना हाताने भरवलं. आठवड्याभरात दोघं शेजारी शेजारी उभे राहून खायला लागले. मला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं.

मग वरच्या कुरणातली कोकरं नाहीशी व्हायला लागली. तीन गेली.

तिसरं गेलं त्या सकाळी चिखलात टिपच्या पंजांचे ठसे दिसले. रविवारी बाईंनी त्याला गोळी घातली. काडतुसांची डबी मी धरली होती. त्या सकाळी टिप माझ्या पायरीवर होता, हे मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर डीकनही तिथेच होता, हे सांगावं लागलं असतं. एल्डनने कुंपणापलीकडूनच मेलेला कुत्रा मागून घेतला. म्हणाला, या फाटकातून आता पाऊल टाकणार नाही.

बूट खरंच चावतोय गं. एक नंबर मोठा चालला असता.

बुधवारी चौथं सापडलं. वर पाइनच्या झाडांखाली, त्यांची सुईसारखी वाळकी पानं ओढून नीट झाकून ठेवलेलं. बाई शेजारच्या दगडावर बसल्या.

"कुत्रा असं झाकून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "हा प्यूमा आहे." प्यूमा म्हणजे इथला डोंगरी बिबट्याच समज. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "डीकन कुठे होता?"

"वरच होता, बाई."

तेव्हापासून रोज दुपारी त्या बंदूक घेऊन एकट्याच पाइनखाली जाऊन बसतात. कंबर धरलेली, एका कानाने ऐकू येत नाही. सोबत येऊ का विचारलं तर म्हणाल्या, उंचवट्यापलीकडे मेंढ्यांत डीकन आहे ना, काही आलं तर तो ओरडेल. आणि डीकन त्या वेळी माझ्या खिडकीला नाक लावून उभा असतो.

आज सांगणार आहे. त्या वर जायच्या आत. म्हणून आधी तुला लिहायला बसले, तोंडाला जरा वळण पडावं म्हणून.

थांब, फाटक वाजलं.

एल्डन आलाय. चक्क आत आलाय, हातात दोरी, दोरीला कुत्र्याचं नवं पिल्लू. प्यूमाचं त्याच्या कानावर गेलं असणार. बाई बंदूक घेऊन निघाल्याच होत्या, त्या अंगणात थबकल्या. डीकन माझी खिडकी सोडून पिल्लाकडे चाललाय. एल्डनने पिल्लाला पटकन उचलायला हात घातला, पण डीकनने कान मागे टाकले नाहीत, लाथ उगारली नाही. पिल्लाला हुंगलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली, रोज पायरीवर टिपला द्यायचा तशी.

एल्डन खाली वाकला तो तसाच राहिलाय. बाई डीकनकडे बघत होत्या. आता माझ्या खिडकीकडे बघताहेत.

सांगण्यासारखं फारसं उरलं नाही, तरी सांगायला जाते.

तुझी, उशीर केलेली,
मार्नी