निरीक्षकाने चाक धरले

ती. अक्का हिस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. तुझी भावजय माझ्यापेक्षा अधिक ठीक आहे, कारण काळजी करण्याचे खाते तिने लग्नानंतर लगेच माझ्याकडे सोपवले आणि पुन्हा कधी मागितले नाही. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीने गेल्या वर्षी तुला दिलेले घोट्याचे दुखणे आता कितपत उरले आहे, आणि तू कशाचाही आधार न घेता किती चालतेस, हे ‘बरे आहे’ असे मोघम न लिहिता पावलांच्या संख्येत कळवावे. (कारण यथावकाश कळेल.) भावोजींना नमस्कार. त्यांचा कान सुधारला, की त्यांनी ऐकणेच सोडले, हेही कळवावे.

पत्रास कारण असे की, आपले शहर वर्षातून एकदा स्वयंसेवकांचा जो गौरव करते, तो यंदा माझा झाला. अभिनंदन करू नये. तो माझा नाही. तो मास्तरांचा आहे, आणि त्यांच्या हातून तो माझ्याकडे येण्यास जगात दुसरे कोणीही नाही, केवळ माझी वही कारणीभूत आहे.

मास्तर म्हणजे वाचनालयामागच्या त्या खोलीतले, जिथून आजारी माणसांना चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि वॉकर वापरायला देतात. पूर्वी तिथे सायकली ठेवत. भिंतीवर हँडल घासल्याच्या रेघा अजून आहेत. हे गृहस्थ धंद्याने शिंपी. वय सत्तरच्या पुढे. दुकान मुलाला दिले आणि स्वतः खुर्च्यांच्या फाटलेल्या बैठका शिवू लागले, मग चाके, मग ब्रेक, मग सगळेच. तुला ते आठवत असतील. आईसाठी आपण खुर्ची आणली तेव्हा ती बसली आणि सगळे म्हणाले, छान झाले. पोचवायला आलेला हा माणूस दारातून परत फिरता फिरता थांबला आणि म्हणाला, ‘‘आजींचे पाय टेकत नाहीयेत.’’ आपण पाचही जण तिच्या तोंडाकडे बघत होतो, अक्का. पायांकडे त्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने पायपट्टी वर घेतली, पाठीशी उशी शिवून दिली, आणि आईने पाय टेकवून ‘हां’ असे जे म्हटले, ते तिचे त्या वर्षातले सर्वांत समाधानी वाक्य होते. चहाही न घेता गेला. आई गेल्यावर खुर्ची परत करायला मी गेलो, तो त्या खोलीतून पुरता बाहेर आलोच नाही. शनिवार-रविवार तिथेच असतो. तिथे मला ‘वहीवाले’ म्हणतात. मी आक्षेप घेतलेला नाही, कारण वर्णन बरोबर आहे.

तर गेल्या वर्षी मी ठरवले, मास्तरांचे नाव गौरवासाठी पाठवायचे. अर्जात बारा महिन्यांच्या सेवेचे तास मागितले होते, पुराव्यासह. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यात सव्वीस वर्षे विमा कचेरीत लोकांचे दावे तपासलेले. ‘भरपूर काम करतात हो’ असल्या वाक्यावर मी कोणाला छत्रीसुद्धा मंजूर केलेली नाही. मी वही आखली. तारीख, आरंभ, समाप्ती, कामाचे स्वरूप, स्वयंसेवकाची सही, निरीक्षकाची सही, शेरा. निरीक्षक अर्थात मी. वर्षभर, एकूण शहाण्णव वेळा, मी मास्तरांच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांचे काम नोंदवले. (घड्याळ भिंतीवरचे न धरता मनगटावरचे धरले; भिंतीवरचे चार मिनिटे पुढे आहे आणि मास्तर ते लावू देत नाहीत, म्हणतात, ‘‘राहू दे, तेवढीच लवकर सुट्टी.’’ सुट्टी त्यांनी कधीच घेतली नाही.)

अडचण सहीची आली. पहिल्या दिवशी वही पुढे केली तर म्हणाले, ‘‘खुर्ची चालली ना साहेब? मग झाली की सही.’’ दुसऱ्या दिवशी हाताला ग्रीस होते. तिसऱ्या दिवशी तोंडात टाचण्या होत्या, म्हणजे हात मोकळे होते, पण नकार मानेने दिला. मी खोटे लिहू शकत नाही, त्यामुळे एकाहत्तर ठिकाणी शेरा आहे, ‘हात ग्रीसचे असल्यामुळे सही नाही’, आणि उरलेल्या पंचवीस ठिकाणी, ‘मागितली, केली नाही’. आता नुसते बसून निरीक्षण करणाऱ्या माणसाच्या हातात मास्तर काही ना काही देणारच. धरा जरा. उचला जरा. मी धरले, उचलले, आणि तेही नोंदवले: ‘निरीक्षकाने चाक धरले.’ ‘निरीक्षकाने तिसऱ्या मजल्यापर्यंत खुर्ची वाहिली; मास्तर पुढे, निरीक्षक धापा टाकत मागे.’ खाली माझी सही, सुवाच्य.

समितीने वही तपासली. नियम चौथा: स्वयंसेवकाच्या सहीविना तास ग्राह्य नाहीत. मास्तरांचे ग्राह्य तास शून्य. मात्र त्याच वहीत दुसरा एक इसम प्रत्यक्ष काम करताना आढळतो, प्रत्येक वेळी स्वतःच्या सहीनिशी, आणि त्याचे तास भरतात दोनशे चौदा. त्यांनी त्या इसमाला गौरव जाहीर केला. मी जाब विचारायला कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी अतिशय नम्रपणे माझ्यासमोर माझीच वही उघडून ठेवली. अक्का, मी त्या समितीत असतो तर नेमका हाच निर्णय दिला असता, आणि हेच मला सर्वांत जास्त लागले.

घरी येऊन मी गौरव नाकारण्याचे पत्र लिहिले. तुझ्या भावजयीने ते वाचून दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि म्हणाली, ‘‘तुम्ही नाकारलात तर तो मास्तरांना नाही मिळणार, कपाटात जाईल. त्यापेक्षा घ्या, आणि तिथे उभं राहून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगा.’’ मास्तरांना तर आनंदच झाला होता. म्हणाले, ‘‘बरं झालं, मला ते स्टेजवर हात बांधून उभं राहायला जमत नाही.’’ मग त्यांनी माझा लग्नातला कोट मागून घेतला, कडेची शिलाई उसवून तीन बोटे वाढवली, ‘‘संसार मानवला तुम्हाला,’’ एवढेच म्हणाले, आणि आतून एक खिसा न सांगता शिवून दिला. वही बरोबर मावते.

समारंभ रविवारी सकाळी दहाला होता. सुरू दहा वाजून बावीस मिनिटांनी झाला. मला बोलायला तीन मिनिटे होती. मी म्हणालो, हा गौरव मला चुकीने मिळालेला आहे. टाळ्या पडल्या. मी म्हणालो, हा विनय समजू नये, ही वस्तुस्थिती आहे. आणखी टाळ्या. तेव्हा मी आतल्या खिशातून वही काढून पुरावा वाचू लागलो. ‘हात ग्रीसचे असल्यामुळे सही नाही’ हे चौथ्यांदा वाचले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या, आणि महापौरबाई शेजारच्यांना सांगत होत्या की, अशी साधी माणसे आता राहिली नाहीत. मी जितके खरे बोललो तितका मोठा होत गेलो. आयुष्यात माझे म्हणणे इतक्या लोकांनी इतक्या प्रेमाने फेटाळलेले नाही. सहाव्या रांगेतून मास्तर हाताने खूण करत होते, बसा, बसा.

माझ्यानंतर एका निवृत्त परिचारिकेचा गौरव होता. त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. (आमचीच, क्रमांक नऊ, ब्रेक डावीकडचा जरा घट्ट.) व्यासपीठाच्या उतारावरून येताना गालिच्याचा सुटलेला धागा पुढच्या चाकात गुंडाळला गेला आणि खुर्ची अडली. चार जण धावले, चौघांनी ढकलली, धागा अधिक आवळला. तेवढ्यात मास्तर आले. गुडघे टेकले, खिशातून दोरे कापायची छोटी कात्री काढली, दोन ठिकाणी कापले, चाक फिरवून बघितले, आणि बाईंना म्हणाले, ‘‘चला, सुटलात.’’ फोटोवाला ओरडत होता, ‘‘काका, जरा बाजूला, मधे येताय.’’ पण मास्तरांना बाजूला होता येईना. गुडघे उठू देईनात. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला. ते उठले, माझ्या बरोबर समोर, आणि त्याच क्षणी फोटो निघाला.

तोच छापून आला. मधोमध मास्तरांची पाठ, शेजारी हसणाऱ्या परिचारिका, आणि माझा फक्त एक हात. खाली नाव माझे. मी दुरुस्तीसाठी पत्र पाठवलेले नाही. इतका अचूक फोटो मी आजवर पाहिलेला नाही.

मानचिन्ह दगडी असून त्याची बैठक उतरती आहे. मी ते मास्तरांच्या हाती ठेवले. त्यांनी उलटसुलट बघितले, वजन जोखले, आणि दुरुस्तीच्या खुर्चीच्या चाकाखाली सरकवून दिले. उत्तम बसते. आता चाक ते धरते, त्यामुळे निरीक्षकाचा एक हात मोकळा झाला आहे. आईचे पाय टेकवणाऱ्या माणसाचे मी याहून अधिक काही फेडू शकलो नाही, पण त्याच्या शेजारी स्टुलावर बसायला मिळते, याबद्दल मी फार कृतज्ञ आहे, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला लिहिता आले नसते.

भावोजींना पुन्हा नमस्कार. त्यांच्या दोन्ही कानांना.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : गौरव मिळालेल्याला पुढील तीन वर्षे कोणाचे नाव सुचवता येत नाही. मात्र खोलीतून साहित्य घेतलेल्या व्यक्तीला येते. तू गेल्या वर्षी घोट्यासाठी वॉकर घेतला होतास. मास्तरांच्या नावाचा अर्ज भरून सोबत जोडला आहे. पेन्सिलीच्या फुलीवर सही करावी, शेजारी नाही.

ता. क. २ : परंतु नियमानुसार अशा व्यक्तीकडे साहित्य थकलेले असता कामा नये. वॉकर क्रमांक सतरा तू तीन महिन्यांसाठी नेलास त्याला अकरा महिने झाले. भाचीने पाठवलेल्या फोटोत त्यावर भावोजींचे टॉवेल वाळताना दिसतात. मी काही म्हणत नाही.

ता. क. ३ : थकलेल्या साहित्याचा वरील नियम अस्तित्वात नाही. तो मी रचला. आयुष्यातला पहिलाच, आणि शाईने लिहिल्यामुळे खोडता येत नाही. खरी गोष्ट अशी की, त्या रविवारपासून मास्तर भिंत धरून चालतात. आमचे उरलेले सर्व वॉकर त्यांना उंच होतात, आणि स्वतःसाठी आणखी एक कापायला ते तयार नाहीत. सतरा क्रमांकाचे पाय त्यांनी स्वतः तुझ्या उंचीला कापले होते, आणि तुझी नि त्यांची उंची एकच आहे. मी दोनदा म्हटले, मागवतो. दोन्ही वेळा म्हणाले, ‘‘अक्कांना लागत असेल, राहू दे.’’ तेव्हा तुझी पावले मोजून आधी मला खरे काय ते कळव, आणि लागत नसेल तर टॉवेल काढून ये घेऊन. तूच ये. चौथी पायरी मी दुरुस्त करून घेतली आहे.

ता. क. ४ : साहित्य नेणाऱ्याला आमच्या वहीत सही करावीच लागते, त्यातून कोणालाही सूट नाही. त्या दिवशी मास्तरांच्या हाताला ग्रीस असले तरी मी चालवून घेईन.