दोन थापांवर गाडी सोडावी

आठवतंय का तुम्हा दोघांना, रोपं पोचवून आपण पिकअपमधून घरी यायचो तेव्हा कोण कुठे बसायचं? हे स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या मागे छोट्या सीटवर माझी लेक बटण, आणि हौद्यात रिकाम्या कुंड्यांमध्ये भाऊजी. बटण अर्ध्या वाटेत झोपायची आणि तिचं कपाळ माझ्या खांद्याला टेकायचं. इंजिनाच्या आवाजात मागचं काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून भाऊजी छपरावर थाप द्यायचे. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एकदा रस्त्यात कुंडी पडली म्हणून त्यांनी एक थाप दिली, हे थांबले, भाऊजी कुंडी आणायला उतरले, आणि झोपेतल्या बटणने आतूनच छपराला दोन थापा दिल्या. भाऊजींना कुंडी कवटाळून पुढच्या चौकापर्यंत पळत यावं लागलं. त्या संध्याकाळी विशेष काही घडलं नव्हतं. तरी हा कागद लिहायला बसले आणि पहिल्यांदा तेच आठवलं.

तर मी, रोपवाटिकेची मालकीण, कै. रोपवाटिकावाल्यांची पत्नी, पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र माझ्या हातांनी लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्या म्हणाल्या, "मन ठणठणीत आहे, गुडघ्यांबद्दल मी लिहून देणार नाही." वकीलबाई म्हणाल्या की गुडघे लागत नाहीत. मला काही झालेलं नाही आणि एवढ्यात कुठे जायचा माझा विचारही नाही. हे आत्ताच का लिहिते, ते पुढे येईल. वकीलबाईंनी मजकूर छोटा ठेवायला सांगितला होता. पण कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं की वाक्य सुरू केलं की ते पूर्ण करायचं, आणि त्या वयात लागलेलं वळण आता कुठे जातंय?

कलम पहिलं, घराबद्दल. राहतं घर, मागची शेड आणि रोपवाटिकेची जमीन माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावी, जिला घरात सगळे बटण म्हणतात. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची, म्हणून हे नाव. पुढे ती विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर झाली, तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचा मोगरा हलवू नये. तो तिथे चुकून लावला गेला होता, आता त्याचा हक्क झाला आहे.

कलम दुसरं. बँकेत जे असेल तेही बटणचंच. त्यातून आधी शेडचं छप्पर गळतं ते नीट करावं. पाऊस नेमका भाऊजींच्या वेल्डिंगच्या टेबलावर पडतो.

कलम तिसरं, हत्यारं. माझ्या यजमानांचे पाने, पकडी, हातोड्या आणि ती लांब दांड्याची पोपटपकड बटणला. शिवणयंत्र जावयाला, कारण त्या घरात सरळ टीप त्यालाच घालता येते.

शेजारच्या लाँड्रीवाल्यांनी आमचा जॅक एका सकाळी "आत्ता देतो" म्हणून नेला. तेव्हा बटण शाळेत होती, आता तिची मुलगी शाळेत आहे. जॅकचा दांडा मात्र आमच्याकडेच राहिला. तो दांडा मी लाँड्रीवाल्यांना देते, म्हणजे त्यांचा संच पुरा होईल आणि निदान दांडा घ्यायला तरी ते आमच्या दारात येतील.

वन्संना, म्हणजे माझ्या नणंदबाईंना, माझे शाळेतले पांढरे हातमोजे. लग्नात माझे हात बघून त्या म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटची पोरगी, ही काय मातीत हात घालणार!" हात मातीत गेले, ग्रीसमध्येही गेले. मोजे मात्र अजून स्वच्छ आहेत.

आता चौथं कलम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आमचा पिकअप. बुटका, दोन माणसांच्या केबिनचा, हेडलाइट जरा तिरळे. यांनी तो एका भाजीच्या ठेकेदाराकडून आणला, तेव्हा पायाखालचा पत्रा गंजून पुरता गेला होता. बसल्या बसल्या खालचा रस्ता दिसायचा. भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, धंद्याने वेल्डर. एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानाची पाटी कापून त्यांनी खाली नवीन पत्रा टाकला. मॅट उचललं की आजही पायाखाली वाचता येतं, "नजर तपासून मिळेल." कुंड्यांचं वजन पेलावं म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक जास्तीचा पाटा घातला. हौद्याच्या कडेचे फाळके तिन्ही बाजूंनी खाली पडतील असे केले. कुंड्या कलंडू नयेत म्हणून गोल भोकं पाडलेल्या फळ्या बसवल्या. ती कल्पना माझी होती. दोघे भाऊ ती आपापली म्हणून सांगत आले, म्हणून इथे कायद्याच्या कागदावर नोंदवून ठेवते.

आणि मग बटण झाली. दोन सीटच्या गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. हे म्हणाले, मोठी गाडी बघू. भाऊजींनी केबिनची मागची भिंत कापली, हातभर मागे हौद्यात सरकवली, पुन्हा जोडली, आणि त्या जागेत एक घडीची छोटी सीट बसवली. तिला खोळ शिवली ती माझ्या शाळेच्या निळ्या ब्लेझरची. खिसा तसाच ठेवला. त्या खिशात बटणचे चघळलेले पेन्सिलचे तुकडे असायचे.

बाहेरून रंग पेंटरने दिला. मी त्याला बाटलीसारखा गर्द हिरवा सांगितला होता. त्याने पोपटी दिला आणि वर म्हणाला, "वाळला की उतरेल, बाई." अजून उतरतोय. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम त्यालाच बोलावलं आहे. वकीलबाईंनी सांगितलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. म्हटलं, मग माझा माणूस ठरला.

हे गेले त्यानंतरही पिकअप चालत राहिला. इंजिन कुरकुरायचं. मी चोक ओढून "प्लीज" म्हणायचे आणि ते सुरू व्हायचं. भाऊजी सगळ्यांना सांगायचे, "वहिनी गाडीशीसुद्धा अदबीने बोलतात, म्हणून ती त्यांचंच ऐकते." पण गेल्या हिवाळ्यात ते प्लीजलाही दाद देईना. तेव्हा बटण म्हणाली, इंजिन काढू, मोटार आणि बॅटरी बसवू. तिने मापं घेतली, नकाशा काढला आणि बॅटरीला जागा हवी म्हणून छोटी सीट काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली. तेवढ्यात भाऊजी आले.

"हे काय चाललंय?"

"काका, विजेवर करतेय. धूर नाही, आवाज नाही."

"आवाज नाही तर ती गाडी कसली, फ्रीज झाला."

"फ्रीजलाही आवाज असतो, काका."

"मग फ्रीजमध्येच बसून जा," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. बटणची स्कूटर दारात दिसली की भाऊजी कोपऱ्यावरून परत फिरायचे. "तिला सांगा, इंजिन उघडं ठेवू नकोस, धूळ जाते." "काकांना सांग, झाकलंय." मी आपली दोघांमधलं पोस्ट ऑफिस झाले होते. एका सकाळी एकामागून एक सहा निरोप पोचवले आणि मनात आलं, मी गेले तर हे टपाल कोण वाटणार? त्या गाडीतली माझी माणसं म्हणून एवढीच दोन उरली आहेत. पिकअप शेडमध्ये गंजेल, आणि एकीकडे काका आणि दुसरीकडे पुतणी अशी दोघं मुकाट म्हातारी होतील. म्हणून लिहायला घेतलं.

पहिल्या मसुद्यात मी असं लिहिलं होतं: केबिन आणि हौदा लेकीला, इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं भाऊजींना, आणि छोटी सीट होती तिथे परत बसवावी, ती कोणीही काढू नये.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, चाकं एकाला आणि हौदा दुसरीला? गाडी चालणार कशी?"

म्हटलं, "चालवायची असेल तर बोलतील."

गेल्या रविवारी मी दोघांना एकाच वेळी शेडमध्ये बोलावलं. दुसरंही येणार आहे, हे कोणालाच सांगितलं नाही. मध्ये पिकअप, एका बाजूला स्टुलावर भाऊजी, दुसऱ्या बाजूला बटण, आणि मी खुर्चीवर मसुदा वाचते आहे. चाकांच्या वाटणीला दोघंही हसली नाहीत. सीटचं वाक्य आलं तेव्हा भाऊजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

बटण त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, सीटमुळे होय?"

"सीटचं काय एवढं. लोखंड आहे."

"मग चष्मा का पुसताय?"

"धूळ आहे इथे."

"पस्तीस वर्षं इथे वेल्डिंग करताय, आजच धूळ आली?"

भाऊजींनी चष्मा चढवला आणि उत्तर दिलं ते तिला नाही, पिकअपला. "बॅटरी हौद्याखाली बसते. चेसीच्या दोन पट्ट्यांमध्ये जागा आहे. खालून दोन आडवे लोखंडी अँगल टाकायचे. सीट काढायची गरजच नव्हती."

"कशावरून बसते?"

"मोजलंय मी."

"कधी?"

"तू नसायचीस तेव्हा."

बटणने भिंतीवरून टॉर्च काढला, जमिनीवर पोतं टाकलं आणि गाडीखाली सरकली. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "काका, इकडे सायलेन्सर आडवा येतोय." "सायलेन्सर कशाला ठेवतेस, बाळा? इंजिनच नाही तर धूर कुठून काढणार?" असं म्हणत भाऊजीही स्टूल बाजूला सारून खाली गेले. त्यांचं वय आणि कंबर बघता मी नको म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. उरलेलं मृत्युपत्र मी गाडीखालून बाहेर आलेल्या चार पावलांना वाचून दाखवलं.

साक्षीदारांच्या ओळीशी आले तेव्हा खालून भाऊजींनी विचारलं, "वहिनी, साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"छदामही नाही. पेंटर आहे ना एक."

"मग दुसरा मी. चाकं वगैरे ते सगळं खोडा. गाडी अख्खी हिची."

"काका, असं कसं?"

"तू अँगल धर. सरळ धर."

तेव्हा चौथं कलम आता पुढीलप्रमाणे वाचावं. पिकअप, छपरापासून चाकांपर्यंत, मोटार, बॅटरी आणि भोकांच्या फळ्यांसकट, माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या लेकीचा. छोटी सीट गाडीचाच भाग समजावी. ती मी वेगळी कोणाला देत नाही, आणि गाडी कधी विकली गेलीच तर सीटसकटच विकावी. रंग पोपटीच राहू द्यावा, आता डोळ्यांना सवय झाली आहे. मोटारीला चोक नसतो असं बटण म्हणते, तरी सुरू करताना प्लीज म्हणायला हरकत नाही.

जुनं इंजिन या मृत्युपत्रात कुठेही नाही, कारण ते माझं राहिलेलं नाही. वकीलबाईंना विचारून घेतलं, माणूस जिवंत असताना हाताने दिलेली वस्तू मृत्युपत्रात येत नाही आणि साक्षीदाराच्या आडही येत नाही. म्हणून आज सकाळी, ही सही करण्याच्या आधी, पेंटरच्या समोर मी ते भाऊजींना देऊन टाकलं. भाऊजी म्हणाले, "हा अन्याय आहे, वहिनी. मी नाही म्हणणार होतो." म्हटलं, आता उशीर झाला. त्यांनी त्याला लोखंडी स्टँड करायला घेतला आहे. दर रविवारी सकाळी ते शेडमध्ये सुरू करून ऐकणार आहेत. लाँड्रीवाल्यांची झोपमोड झाली तर त्यांनी जॅक घेऊन तक्रार करायला यावं.

या मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करायला व्यवस्थापक म्हणून वकीलबाईंना नेमते. त्यांना माझा टपोऱ्या गुलाबांचा वाफा. पानांवर पाणी मारू नये.

शेवटची सूचना, आणि यात बदल नको. मला शेवटी न्यायचं ते याच गाडीतून. मी हौद्यात असेन, फाळके लावलेले असावेत, आणि कडेने फुललेली रोपं फळ्यांच्या भोकांत नीट बसवावीत, कलंडता कामा नये. ती रोपं नंतर जो येईल त्याला एकेक द्यावी, रिकाम्या हाताने कोणाला पाठवू नये. मोगऱ्याचं बटणच्या मुलीला, आणि त्या दिवशी छोट्या सीटवर तीच बसेल. बटण गाडी चालवेल. भाऊजींनी आधी मागे यावं, छपरावर दोन थापा द्याव्यात, आणि मग पुढे जाऊन तिच्या शेजारी बसावं. पूर्वीसारखी जोरात मारायची गरज नाही. आता इंजिनाचा आवाज नाही, हलकीशी थापसुद्धा आत ऐकू येईल. बटण, काका बसल्याशिवाय गाडी सोडू नकोस.

हे सगळं मी वाचून, समजून, माझ्या अक्षरात लिहिलं आहे आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

लिहून ठेवणार: रोपवाटिकेची मालकीण (सही)

साक्षीदार १: पेंटर (सही, हिरव्या शाईत, दुसरं पेन त्याच्याकडे नव्हतं)

साक्षीदार २: मालकिणीचे दीर, वेल्डर, यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही (सही, ग्रीसच्या अंगठ्यासह)

ठिकाण: रोपवाटिकेमागची शेड, पिकअपच्या बॉनेटवर

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो. रविवार, चहा व्हायच्या आधी.